नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाताय? आधी पाणी बघायला शिका

थंडी पडली की माझा फोन वाजायला लागतो. नाशिकचे, पुण्याचे, ओळखीतल्या ओळखीचे लोक. प्रश्न ठरलेला: "काका, रोहित आलेत का?" मी उलटं विचारतो, "आवर्तन सुरू आहे की बंद?" पलीकडे शांतता. (रोहित म्हणजे फ्लेमिंगो, आणि आवर्तन म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरतं कालव्याला सोडलेलं पाणी.)

मी पक्षितज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. सुरुवात गोदावरीच्या डाव्या कालव्यावर पाटकरी म्हणून, शेवट कालवा निरीक्षक म्हणून. दुर्बीण हातात आली ती निवृत्तीनंतर, मुलानं आणून दिली म्हणून. तोवर पाण्यावरची बदकं म्हणजे माझ्या लेखी काळे ठिपके होते. लक्ष सगळं गेजपट्टीवर, म्हणजे पाण्याची उंची मोजायच्या पट्टीवर. पण हीच सवय पुढं कामी आली. दुर्बीण घेऊन पहिल्यांदा मनोऱ्यावर चढलो तेव्हा सोबतची शहाणी मंडळी पक्ष्यांची नावं घेत होती आणि मी मनात म्हणत होतो, परवापेक्षा पाणी वीतभर उतरलंय, म्हणून तर ही सगळी काठाला आलीत.

तेव्हा हे सगळं मी पाण्याच्या बाजूनं सांगणार आहे.

ही जागा कोणी केली

नांदूर मध्यमेश्वरला आलेला माणूस समजतो की निसर्गानं इथं तळं करून ठेवलंय. तसं नाही. हा बंधारा आहे. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी, १९०७ ते १९११ या काळात बांधलेला. त्याआधीची दहा-पंधरा वर्षं आठवा: १८९६-९७चा दुष्काळ, तो सरतो न सरतो तोच १८९९-१९००चा. सह्याद्री ओलांडला की पाऊस आटतो. इगतपुरीला छत्री उलटी होते आणि सिन्नर-कोपरगावला लोक आभाळाकडं बघत बसतात. दुष्काळी मुलुखाला पाणी द्यायचं म्हणून इंग्रजांच्या काळात गोदावरीचे कालवे निघाले, आणि त्यांच्या तोंडाशी नदीचं पाणी चढवून धरायला हा बंधारा आला. डावा कालवा ९० किलोमीटर, उजवा ११०. पाठीमागून १९१६ला दारणा धरण झालं. उन्हाळ्यात दारणेचं पाणी नदीतून खाली सोडायचं, इथं अडवायचं, कालव्यात वळवायचं. कोपरगाव-राहात्याकडचा ऊस या पाण्यावर उभा राहिला.

पक्ष्यांचा विचार या सगळ्यात कोणाच्या डोक्यात नव्हता.

मग झालं काय? गाळ झाला. पावसाळ्यात नदी चहासारखी तांबडी होऊन येते. बंधाऱ्यामागं पाणी तुंबून पसरतं त्या फुगवट्यात शिरली की तिचा वेग मोडतो, आणि वेग मोडला की पाणी पोटातली माती खाली ठेवतं. जड रेती फुगवट्याच्या वरच्या तोंडाला, बारीक गाळ पुढे बंधाऱ्याकडे. असे शंभरावर पावसाळे गेले. मधे उंचवटे झाले, उंचवट्यांची बेटं झाली, बेटांवर पाणकणीस आणि लव्हाळा माजला, काठाला बाभळी आल्या. आमच्या खात्यात गाळ म्हणजे दुखणं. जितका गाळ तितकी साठवण कमी, बैठकीत साहेबाचा आवाज तितका मोठा. पण बदकाला खोल पाणी हवंय कशाला? बहुतेक बदकं डोकं बुडवून, शेपूट आभाळाकडं करून चरतात. मान पोचेल तेवढंच पाणी त्यांच्या कामाचं. इंजिनिअरचा तोटा तो बदकाचा फायदा, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

डॉ. सालिम अलींनी या जागेला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हटलं, हे तुम्हाला प्रत्येक गाइड सांगेल. लोक ते कौतुक म्हणून ऐकतात. मला त्यातलं साम्य वेगळंच वाटतं. राजस्थानातलं भरतपूरही माणसाच्याच हातचं. तिथं महाराजा सूरजमलच्या काळातला अजान बांध आहे, त्याच्या पाण्यावर पाणथळ उभी राहिली. पुढं ती संस्थानिकांची बदकांच्या शिकारीची जागा झाली. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो आले होते, तेव्हा एका दिवसात ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद तिथं दगडात कोरलेली आहे. आपल्या भरतपूरला असा शिकारखाना नव्हता. इथं पाट होता, पाटकरी होता आणि पाण्याच्या पाळीवरून भांडणारे शेतकरी होते. मला हे बरं वाटतं.

आता एक घोळ निस्तरून घ्या, कारण इंटरनेटवर सगळीकडं तो आहे. इंग्रजीत दोन नद्यांचं स्पेलिंग सारखंच लिहितात. बंधाऱ्यापाशी मिळते ती कादवा: दिंडोरीकडून येणारी, करंजवण आणि पालखेडची धरणं जिच्यावर आहेत ती. कडवा वेगळी. ती इगतपुरी तालुक्यातली, दारणेला मिळते. दारणा पुढं दारणासांगवीला गोदावरीत येते, म्हणजे कडव्याचं पाणीही शेवटी इथंच पोचतं. पण नाव चुकवू नका. आमच्या भागात कादवा म्हणायच्या जागी कडवा म्हणणारा माणूस बाहेरचा, हे लगेच कळतं.

निघण्याआधी बातमी वाचा

पावसाळ्यात टीव्हीवर पट्टी फिरते: "नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे अमुक क्युसेक विसर्ग." सगळा मराठवाडा ती पट्टी डोळ्यांत तेल घालून बघतो. तुम्हीही बघा, कारण तुमची सहल त्यावर ठरते.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. साडेअकरा हजार क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं की साधारण एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, भरतं. हे गणित पाठ करून ठेवा, कोणत्याही पाणीवादात उपयोगी पडतं. विसर्ग काही हजारांत असला की समजा बंधाऱ्याचे दरवाजे उघडे आहेत, नदी वाहती आहे, बेटं पाण्याखाली आहेत. असल्या दिवशी येऊ नका. पक्षी तर दिसत नाहीतच, शिवाय सायखेडा-चांदोरीच्या बाजूला पाणी रस्त्यावर येतं. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये ही गावं पाण्यात होती. सायखेड्याच्या पुलाला वरून वाहून आलेल्या पाणवेली अडकतात आणि पाणी आणखी तुंबतं. फुगवटा आणि गाळ यांचं दुसरं तोंड हे असं आहे. बदकांना जे मानवतं ते सायखेडकरांच्या घरात शिरतं. तिथल्या माणसासमोर पाणथळ जागेचं फार गुणगान करू नये, एवढं भान ठेवा.

पावसाळा संपला की दरवाजे बंद होतात, पाणी स्थिरावतं. त्यानंतर विचारायचं ते आवर्तनाचं. कालव्याला आवर्तन सोडायचं म्हणजे आधी वरच्या धरणांतून नदीत पाणी येतं, बंधारा भरलेला ठेवावा लागतो, तेव्हाच कालव्यात पुरेसा लोंढा जातो. म्हणजे आवर्तनाच्या काळात बहुतेक वेळा तुम्हाला भरलेलं, खोल पाणी दिसेल. तेव्हा वारकरी नावाचे काळे पाणपक्षी, बुडी मारणारी बदकं, पाणकावळे यांची चंगळ. आवर्तन उरकलं, वरून येणारं पाणी थांबलं की हळूहळू पातळी उतरते आणि चिखल उघडा पडतो. मग येतात लांब पायांचे आणि लांब चोचींचे: शेकाटे, तुतवार, शराटी, चमचे, करकोचे. रोहित बघायचा हट्ट असेल तर याच दिवसांत नशीब काढा. रोहित दर वर्षी येईलच असं नाही, आला तर टिकेलच असं नाही. त्याला घोट्या-गुडघ्याएवढं पाणी लागतं आणि आमच्याकडं पाण्याची उंची कालवा ठरवतो.

आवर्तनाच्या तारखा स्थानिक पेपरात येतात. निफाड, कोपरगावकडचा कोणीही द्राक्षवाला नाहीतर ऊसवाला तोंडपाठ सांगेल. काही वर्षी आणखी एक भानगड असते. पाऊस कमी पडला की समन्यायी वाटपाच्या, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांत पाणी न्यायानं वाटायच्या नियमानं नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावं लागतं. २०१८ला आणि २०२३ला ते नोव्हेंबरात सोडलं होतं. दारणा-गंगापूरकडचं पाणी इथूनच पुढं जातं. म्हणजे ऐन बदकं उतरायच्या दिवसांत नदी पुन्हा वाहती. माणसं कोर्टात भांडतात, पक्षी मुकाट्यानं जागा बदलतात.

केव्हा, कसं, काय घालून

नाशिकहून येत असाल तर छत्रपती संभाजीनगर रस्त्यानं चांदोरी, तिथून आत सायखेडा, पुढं म्हाळसाकोरे-मांजरगाव-चापडगाव. चापडगावला वनखात्याचं प्रवेशद्वार आणि मनोरे आहेत. खाणगाव थडीच्या बाजूनंही बघता येतं. थडी म्हणजे काठ. हा सगळा पट्टाच गंगथडीचा. आमच्याकडं गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. रेल्वेनं यायचं तर निफाड स्टेशन, पण पुढं स्वतःचं वाहन नाहीतर कोणाची तरी ओळख लागते. खुद्द बंधारा नांदूर मध्यमेश्वर गावाजवळ आहे, मनोऱ्यांपासून वेगळा. तिथं दुपारनंतर जायचंय, ते शेवटी सांगतो.

महिने: डिसेंबर ते फेब्रुवारी हा भर. सप्टेंबर-ऑक्टोबर मला स्वतःला जास्त आवडतो. गर्दी नसते, आणि गावठी पक्ष्यांची पिल्लं दिसतात. पाव्हणे एकदम येत नाहीत. धोबी आणि भुवई बदक लवकर येतात, मोठे जथे दिवाळीनंतर.

निफाडची थंडी ऐकून असालच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहावर आला की पेपरात पहिल्या पानावर निफाड. त्याहून खाली गेल्याचेही दिवस आहेत. मनोऱ्यावर वारा थेट अंगावर येतो. कानटोपी, स्वेटर, पायात मोजे, लाज बाळगू नका. पहाटे येताना रस्त्याकडेला द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या दिसतील. ती सहल नव्हे, मण्यांना थंडी लागू नये म्हणून धूर करतात. तो धूर आणि पाण्यावरचं धुकं मिळून सात वाजेपर्यंत काही दिसत नाही. फक्त ऐकू येतं. त्या वेळी दुर्बिणीशी झटू नका, कान उघडे ठेवा.

ऊसपट्टा आहे, बिबट्या आहे. अंधारात उसाच्या कडेनं एकट्यानं पायी जायचं नाही. गाडीतून उतरायचं तर बोलत, आवाज करत.

रंग मातकट घाला. आमच्या मंडळी एकदा हौसेनं केशरी शाल घेऊन आल्या, वारकरी पाण्याच्या पार पलीकडल्या कडेला. "मला बघून गेले की तुम्हाला?" म्हणाल्या.

दुर्बीण ८×४२ची पुरे. त्याहून मोठी हातात थरथरते. लांबचं बघायला मनोऱ्यावर गावातल्या पोरांकडं मोठी दुर्बीण स्टँडवर लावलेली असते. गाइड घ्या. पैसे वाचवू नका. ही पोरं चापडगाव-मांजरगावची, रोज पाण्यावर नजर असणारी. पुस्तक वाचून आलेल्या माणसाला जे बदक तासाभरात सापडत नाही ते हा पोरगा "ते बघा, बाभळीच्या खाली, डावीकडून तिसरं" म्हणून दाखवतो.

बघायचं कसं

पहिली दहा मिनिटं दुर्बीण गळ्यातच असू द्या. सूर्य पाठीशी घ्या, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतील. मग पाण्याची उंची ठरवा. कणसाच्या देठावर पाण्याची जुनी खूण बघा. ओली माती वर दिसते की पाणी थेट गवताला लागलंय? त्यावरून आज कोण दिसणार हे निम्मं कळतं.

मग पाण्याचे पट्टे पाडा. मधलं खोल, कडेचं उथळ, चिखल, गवत, शेत. एकेक पट्टा संपवत जा. सगळ्या पाण्यावर एकदम दुर्बीण फिरवणारा माणूस दमतो आणि "इथं काहीच नाही" म्हणून नऊ वाजता वडापाव खायला निघतो.

खोलात काळी गर्दी दिसेल ती वारकऱ्यांची. अंग काळं, कपाळावर पांढरा टिळा, आणि जाणार ते दिंडीनं. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला दंडवत. ओळखीला यापेक्षा सोपा पक्षी नाही, म्हणून नवख्यानं इथून सुरुवात करावी. आधी वारकरी पक्का करा. मग त्या गर्दीत जो वारकरी नाही तो शोधा. डोकं तपकिरी आणि छाती पांढरी, शेपूट सुईसारखी, तो तलवार बदक. चोच फावड्यासारखी पसरट, पाणी गाळत गोल गोल फिरणारा थापट्या. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके, ते हळदी-कुंकू. ते आपलंच, बारमाही राहणारं. हळदी-कुंकू एकदा ओळखलं की बायका दुसरं बदक बघायला तयार होत नाहीत, असा माझा अनुभव.

कणसाच्या कडेला निळाजांभळा, कोंबडीएवढा, लाल चोचीचा दिसेल तो जांभळी पाणकोंबडी. देठ उपटून पायात धरून खातो, अगदी ऊस सोलल्यासारखा. पाण्यावरच्या पानांवरून चालतो तो कमळपक्षी. बोटं इतकी लांब की वजन विभागलं जातं आणि पान बुडत नाही. याच्यात मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडं निघून जाते, उबवायचं आणि पोरं सांभाळायचं काम नराचं. हे सांगितल्यावर मनोऱ्यावर हशा होतो, आणि नवरे मंडळी विषय बदलतात.

नारिंगी-बदामी रंगाची जोडी दिसली, "आँ आँ" असा कण्हल्यासारखा आवाज आला, तर तो चक्रवाक. जुन्या काव्यांतून रात्रभर एकमेकांना हाका मारणारी ती हीच जोडी. लडाख-तिबेटकडून येते. तिकडूनच हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. तो पाण्यापेक्षा काठच्या गव्हा-हरभऱ्यात जास्त सापडेल. शेतकरी डबे वाजवून हाकलतो. त्याच्याशी वाद घालू नका, पीक त्याचं आहे.

आणि एक खूण माझी स्वतःची. सगळं पाणी एकदम उठलं, हजार पंखांचा आवाज झाला, की पाण्याकडं बघू नका, वर बघा. दलदली भोवत्या आलेला असतो, गवतावरून संथ तरंगत. एखादे वेळी मोरघार. दोघं दिसले नाहीत तर मग समजा कोणीतरी ड्रोन उडवलाय. एकदा एका हौशी टोळीनं नेमकं हेच केलं होतं. बदकं अर्धा तास हवेत. थंडीत उपाशीपोटी अर्धा तास उडणं म्हणजे काय, ते मला रात्रपाळीत पाटावर चालताना कळलेलं आहे. आवाजाची रेकॉर्ड लावून पक्षी बोलावणं हेही त्यातलंच.

चिखलात उतरू नका. वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो, खाली लोणी असतं. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी शेकाटे जवळून बघायला म्हणून चार पावलं पुढं गेलो. चौतीस वर्षं गाळाचे अहवाल लिहिलेला माणूस मांडीपर्यंत आत. जाळी घेऊन चाललेल्या दोघा पोरांनी दोर टाकून ओढलं. एक चप्पल तिथंच राहिली. ती दोघं अजून भेटली की "काका, जोडी पूर्ण केली का?" विचारतात.

शंभर आणि चौदा

पाट्यांवर दोन आकडे दिसतील आणि गोंधळ होईल. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं ते १०० चौरस किलोमीटरचं. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली पाणथळ आहे १,४३७ हेक्टर, म्हणजे चौदा चौरस किलोमीटर आणि वर थोडी. २०२०च्या जानेवारीत ते जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर. दोन आकड्यांच्या मधली जी जमीन आहे ती गावं, मळे, द्राक्षबागा, गोठे. अभयारण्य हा शब्द आला तेव्हा काठच्या माणसाच्या पोटात गोळा आला, यात नवल नाही. पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या गाळात पेरायचं, त्याला गाळपेर म्हणतात. भोई जाळी टाकायचे, गुरं चरायची. पक्ष्यांसाठी नियम आले ते या सगळ्यांच्या अंगणात आले. म्हणून कोणाच्या बांधावरून जाताना आधी "जाऊ का दादा?" विचारा. कोणी नाही म्हणत नाही. डाळिंबाच्या दिवसांत हातात डाळिंबही मिळतं.

रामसरवरून आठवलं. पक्षी बघायला आलेल्या एका आजोबांनी मला ठासून सांगितलं की रामसर म्हणजे रामाचं सरोवर. चूक त्यांची नाही. इथं नदीत मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे आणि राम सोन्याच्या हरणामागं इथवर आला अशी गावात श्रद्धा आहे. पण रामसर हे इराणमधलं कॅस्पियन समुद्राकाठचं गाव. २ फेब्रुवारी १९७१ला पाणथळ जागांचा करार तिथं झाला, म्हणून तो दिवस जगभर पाळतात. आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "असू द्या, राम तिकडंही गेला असेल."

यादीत जाण्यामागं नुसते पक्षी नाहीत. देवळाली मिनो नावाचा बोटभर मासा आहे, आपल्याच देवळालीच्या नावाचा, जगातून संपत आलेला. त्याला फोटोवाले विचारत नाहीत. आणि वरून नाशिकचं सांडपाणी येतं, त्यावर पाणवेल पोसते, हिरव्या गालिच्यासारखी पसरते. नवख्याला सुंदर वाटते. तिच्याखाली उजेड जात नाही, पाण्यातली हवा संपते, आणि बदकाला उतरायला मोकळं पाणी उरत नाही. मनोऱ्यावरून मोकळं पाणी किती आणि पाणवेल किती हे डोळ्यानं चार भागांत मोजा, वहीत लिहा. पक्ष्यांच्या यादीइतकंच ते महत्त्वाचं.

दुपारनंतर बंधाऱ्यावर

साडेदहानंतर ऊन चढतं, पक्षी सुस्तावतात. भाकरी, पिठलं, ठेचा जे आणलं असेल ते गाडीपाशी खा, कागद-पिशव्या परत न्या. मग थोडी झोप काढून तीनच्या सुमाराला नांदूर मध्यमेश्वर गावाकडं निघा. इथं फार कमी पक्षीवाले येतात. त्यांना वाटतं इथं नुसता दगड आणि लोखंडी दरवाजे आहेत.

आधी देवळाकडं जा, नदीच्या पात्राकडं नीट बघा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी पसरलेलं, खालच्या अंगाला उघडे खडक आणि डबकी. एकाच नदीच्या दोन तऱ्हा शंभर पावलांत. खालच्या डबक्यांत बंड्या सापडेल, काळापांढरा खंड्या, हवेत एका जागी पंख मारत थांबतो आणि दगडासारखा पडतो. नदी सुरय पाण्याच्या पट्टीवरून ये-जा करत असतात.

मग कालव्याच्या तोंडाशी. आत शिरू नका, काठावरून दिसतं. आवर्तन सुरू असेल तर पाणी फेसाळत कालव्यात उतरताना दिसेल: एक फाटा कोपरगावकडं, दुसरा सिन्नरच्या अंगानं राहात्याकडं. वैजापूर-गंगापूरला नेणारा जलद कालवाही इथूनच निघतो. सकाळी ज्या पाण्यावर वारकरी बघितले तेच हे पाणी, उद्या-परवा कोणाच्या तरी उसात.

तिथं भिंतीवर आकडे रंगवलेली गेजपट्टी असते. ड्यूटीवरच्या माणसाला रामराम घाला, आजचं गेज किती ते विचारा. पाच मिनिटांत तो तुम्हाला शेतकऱ्यांची तक्रार, दरवाज्याचं ग्रीस आणि काल रात्री बिबट्या कुठं दिसला ते सगळं सांगेल. सांगू द्या. आकडा मात्र वहीत तारखेसमोर लिहा, पक्ष्यांच्या नावांच्या वरच्या ओळीत. पुढच्या हिवाळ्यात फोन कराल तेव्हा मी तोच विचारणार आहे.